पोटाखालचा नंबर

पेंटरांच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ते आधी ती उलटी करून बघत. खुर्ची असो, पत्र्याची पाटी असो, लाकडी खेळणं असो. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी रिकामा कप उलटा करून त्याचा तळ बघितला. आमच्या सौ. आत येऊन मला हळूच म्हणाल्या, "अहो, कप चांगला घासलेला होता हो!" मी हे पेंटरांना सांगितलं तेव्हा ते ओशाळले.

"तसं नाही जी. सवय आहे. वरून तं सारेच चांगले दिसतात."

बोर्ड रंगवणाऱ्याला ही सवय असणं साहजिक आहे. लाकूड किडलेलं मागून कळतं, पत्रा गंजलेला खालून. तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल. तो आपल्या घरी आला की आपल्याशी बोलतो, पण त्याची नजर दाराच्या चौकटीवर असते.

पेंटरांचं नाव मी इथे लिहीत नाही. नागपूरच्या जरीपटक्यात निम्म्या दुकानांवर त्यांच्या हातची अक्षरं होती, पण त्यांच्या स्वतःच्या टपरीवर पाटी नव्हती. "लावली तं लोक भाव विचारायले येतात," असं कारण ते देत. चौथीपर्यंत शिकलेले होते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत हात सारखाच चाले. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. टपरीत बुद्धाचं एकच चित्र होतं, ते त्यांनीच काढलेलं. माझी त्यांची ओळख ऑफिसातली. आमच्या हिशेब खात्यातल्या एकशे बारा कपाटांवरचे नंबर त्यांनी टाकले होते. एकही आकडा कलता नव्हता. मी प्रत्येक कपाट बघितलं होतं, म्हणून सांगतो.

आता खेळण्यांची हकीगत.

दहा-बारा वर्षांपूर्वी माझी मुलगी टायफॉइडने अकरा दिवस सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात होती. शेजारच्या पलंगावरचा मुलगा इंजेक्शनच्या एका रिकाम्या बाटलीशी खेळायचा. बाटली पलंगाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत घरंगळवायची, पुन्हा आणायची. असं त्याने चार दिवस केलं. पाचव्या दिवशी ती फुटली. मग तो नुसता छताकडे बघत पडून राहिला.

मुलगी बरी होऊन घरी आली तेव्हा आम्ही प्रताप नगरातल्या आठ-दहा बिऱ्हाडांनी ठरवलं की घरोघरची वापरात नसलेली खेळणी गोळा करून वॉर्डाला द्यायची. नागपुरात अशी खेळणी म्हणजे मुख्यतः लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार फिरतात, लोक त्यांच्या हातावर खाऊ किंवा नाणं ठेवतात. मुलं मोठी होतात आणि बैल माळ्यावर जातात. आमच्याकडे एकूण एकेचाळीस खेळणी जमली. बैल सव्वीस, रबरी बाहुल्या पाच, बदकं चार, हत्ती तीन, घोडे दोन आणि आगगाडी एक. आगगाडीला दोन डबे होते. ती एक धरायची की तीन, यावर आमच्या बैठकीत अर्धा तास गेला. पेंटरांनी नंतर एका वाक्यात निकाल दिला, "डबे सुटले तं तीन, जोडले तं एक." मी एक धरली.

वॉर्डाच्या सिस्टरांनी चार अटी घातल्या. टोकदार काही नको. प्रत्येक खेळणं फिनाइलच्या पाण्यात धुता आलं पाहिजे. खेळणं वॉर्डाबाहेर जाता कामा नये. आणि दर शनिवारी कोणीतरी येऊन मोजून घ्यायचं. मोजायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. फिनाइलमध्ये टिकायचं तर पक्का तेलाचा रंग हवा, म्हणून मी पेंटरांकडे गेलो. त्यांनी पहिला बैल उचलला, उलटा केला, चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, "होऊन जाते."

"किती घ्याल?"

"मी एका बैलाचे घेत नाही जी, सव्वीसचे काय घेऊ?"

रंग मात्र बोर्डांचा उरलेला असे. ज्या आठवड्यात हॉटेलचा बोर्ड, त्या आठवड्यात हिरवे बैल. ज्या आठवड्यात औषधाचं दुकान, त्या आठवड्यात लाल. मी एकदा म्हटलं, नंदीला असा जांभळा रंग बरा दिसतो का? ते म्हणाले, "नंदी तुमचा, बैल माहा. माह्या बैलाले चालते."

शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की मी वॉर्डात जाई. पेंटर सायकलने येत. मी मोजत असे आणि ते पलंगांमधून फिरत.

"काय गा पाटील, बैलाले चारा देल्ला का?"

"तो खात नाही," मुलगा म्हणे.

"तू खाऊन नाही राहिला, मंग तो कसा खाईन? तो मालकाच्या मागून जेवते."

सिस्टरांनी एकदा मला सांगितलं की ज्या मुलांना पेंटरांनी 'पाटील' केलं, ती मुलं पेज संपवतात. मी याचा आकडा ठेवला नाही, तेव्हा खरंखोटं सांगता येत नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतः बघितली. एका व्यापाऱ्याने नवीकोरी खेळणी खोक्यांसकट दिली, सात नग. पुढच्या शनिवारी सातही बेपत्ता. शोधलं तेव्हा ती मुलांच्या आयांच्या पिशव्यांत, लुगड्यांच्या घड्यांत सापडली. एकाही मुलाने एकाही खेळण्याला हात लावलेला नव्हता. चोरी नव्हती. नवी वस्तू मोडली तर भरून द्यावी लागेल, या भीतीने आयांनी ती जपून ठेवली होती. पेंटरांनी ती सातही नेली, प्रत्येकाच्या अंगावर पॉलिशपेपरचा एकेक ओरखडा ओढला, आणि परत आणली. "एक ओरखडा पायजे. मंग माय घाबरत नाही." त्या दिवसापासून ती खेळणी फरशीवर दिसू लागली. आधीच्यांतली सात जुनी मोडकी मी बाद केली आणि एकूण पुन्हा एकेचाळीसवर आणलं.

माझ्या वहीत प्रत्येक खेळण्याची एक ओळ होती: वर्णन, आणि ते कोणत्या पलंगाला दिलं त्याचा नंबर. तीनेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की एकूण जमतं, पण ओळी जमत नाहीत. वहीत 'हिरवा बैल, डावं शिंग तुटलेलं' असा होता. मोजताना तो नव्हता. त्याऐवजी 'पिवळा बैल, डावं शिंग तुटलेलं' निघाला. एक कमी, एक जास्त, बेरीज बरोबर. दुसऱ्या कोणाचं समाधान झालं असतं. मी पेंटरांना विचारलं.

"रंग उडाला होता जी."

पण तो रंग तीन आठवड्यांपूर्वीचा होता. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच झालं. लाल हत्ती गेला, निळा हत्ती आला. मी अशा ओळींपुढे लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करू लागलो. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं की पेंटर चांगली खेळणी घरी नेऊन त्याजागी दुसरी ठेवत असतील. तुटलेलं शिंग दोन्हीकडे डावंच होतं, त्यामुळे हा संशय टिकत नव्हता. पण आला होता, हे लिहिलं पाहिजे.

शेवटी मी कपाटांचा उपाय काढला. प्रत्येक खेळण्याच्या पोटाखाली नंबर टाकायचा. रंग बदलला तरी नंबर राहील.

पेंटरांनी बैल उलटा करून पोटावरून बोट फिरवलं. "नंबर काहून टाकता जी? बैल का पळून जाते?"

"हिशेब सोपा होतो."

"तुमी म्हणता तं टाकतो."

एकपासून एकेचाळीसपर्यंत पांढरे, सरळ, सुबक मराठी आकडे त्यांनी टाकले. डावं शिंग तुटलेल्या त्या पिवळ्या बैलाला तेवीस नंबर आला.

वॉर्डात तेव्हा मंदा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. चिंचेच्या झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला वजन बांधून पाय पलंगाला टांगलेला, अडीच महिने हलायचं नाही. चौथीत होती. पेंटर तिला मास्तरीणबाई म्हणत. नंबर आल्यावर तिने रोज सकाळी हजेरी सुरू केली. पडल्या पडल्या ओरडायची, "सात नंबर?" ज्याच्याकडे सात नंबर तो बैल वर करून म्हणायचा, "हजर!" सिस्टर हसायच्या. मुलं आपापल्या खेळण्याला नंबरानेच हाक मारू लागली. मी घरी येऊन सौ.ना सांगितलं की नंबर टाकल्याने मुलांना आकडेसुद्धा यायला लागले. मला फार समाधान वाटलं होतं.

त्या वर्षी हगवणीची साथ आली. वॉर्डात एकेका पलंगावर दोन-दोन मुलं. मोजायला गेलो की दाटीमुळे मला पलंगांमध्ये उभंही राहता येत नसे.

एका सोमवारी सिस्टरांचा निरोप माझ्या ऑफिसात आला, लगेच या. मी वही घेऊन संध्याकाळी गेलो. वॉर्डाच्या दाराशी भिंतीला लागून सगळी खेळणी जमिनीवर पडली होती, सगळी उलटी. चाकं वर, पांढरे आकडे वर. पलंगांवर एकही खेळणं नव्हतं. मंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती.

सिस्टरांनी सांगितलं ते असं. आदल्या बुधवारी सहा नंबरच्या पलंगावरचा चार वर्षांचा मुलगा हगवणीने दगावला. जाताना त्याच्याजवळ पिवळा बैल होता. शनिवारी नऊ नंबरवर नवीन मूल आलं, त्याला निळा बैल मिळाला. रविवारी सकाळी मंदाने हजेरी घेतली. "तेवीस नंबर?" नऊ नंबरच्या मुलाने निळा बैल वर केला. मंदा म्हणाली, "तेवीस तं पिवळा होता! तो तं सहा नंबरच्या बाळूचा होता." एवढं म्हणून ती गप्प झाली. तिला कळलं. आयांनाही कळलं. नऊ नंबरच्या आईने बैल उचलून दाराकडे फेकला. मग प्रत्येक आईने आपल्या मुलाच्या हातातलं खेळणं उलटं करून बघितलं. कोणता नंबर कोणाच्या हातात होता हे कोणालाच नक्की आठवेना, म्हणून सगळीच खेळणी दाराशी आली.

"आप को नहीं मालूम था?" सिस्टर मला म्हणाल्या. "पेंटर हर बुधवार आता है. जो बच्चा जाता है, उस का खिलौना मैं धोकर खिडकी में रखती हूँ. वो ले जाता है, रंग बदलता है, शनिवार को वापस. माँ लोग पहचानती नहीं. कोई माँ वो खिलौना अपने बच्चे को छूने नहीं देती, बाबूजी. एक साल से ऐसा ही चल रहा था."

माझ्या हातात वही होती. लाल पेन्सिलीचं प्रत्येक प्रश्नचिन्ह म्हणजे एक मूल होतं. ती चिन्हं किती होती ते मला माहीत आहे. इथे लिहीत नाही.

तेवढ्यात नऊ नंबरची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात एक बदक, उलटं धरलेलं. तिने माझ्या वहीकडे बोट दाखवलं.

"भाऊ, तुमी लिहिता ना याच्यात? पाहा ना जरा. याच्यावर कोणी गेलं काय?"

बदकाचा नंबर बत्तीस होता. वही उघडली असती तर उत्तर होतं. मी म्हणालो, "बाई, तसं यात काही लिहीत नाही."

"मंग लिहिता काय?" ती म्हणाली.

मी वही काखेत धरली.

सिस्टर म्हणाल्या की मोठे डॉक्टर आधीपासून खेळण्यांच्या विरुद्ध आहेत, त्यांना वॉर्डातल्या खेळण्यांच्या पेटीची जागा औषधांसाठी हवी आहे. आयांनाच खेळणी नको असतील तर डॉक्टरांना द्यायला आपल्याकडे उत्तर नाही. "शनिवार तक देखूँगी. नहीं तो पेटी उठा लेना." निघताना मी वॉर्डाकडे वळून बघितलं. दोन मुलांनी सलाईनच्या बाटलीचं एक बूच घेतलं होतं आणि ते चादरीवर घरंगळवत होती.

मंगळवारी मी रजा टाकली आणि सगळी खेळणी पेटीत घालून रिक्षाने पेंटरांच्या टपरीत नेली. त्यांनी पेटी उघडली. दोन पॉलिशपेपर काढले, एक माझ्या हातात दिला. आम्ही समोरासमोर बसून नंबर खरवडू लागलो. एकेक आकडा जायला बराच वेळ लागे. पक्का रंग होता.

दहाएक बैल झाल्यावर मी विचारलं, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"काय सांगू जी? तुमी वहीत लिहून ठेवलं असतं."

हे खरं होतं. मी लिहून ठेवलं असतं, वेगळा रकाना आखून.

"मग बैल निळा केलात, तेव्हा नंबर का नाही खोडलात?"

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "नंबर तुमचा होता ना. तुमचा हिशेब मी कसा खोडू?"

मी तेवीस नंबर हातात घेतला होता. आधी दोन, मग तीन, असे दोन्ही आकडे गेले. खाली लाकूड दिसलं.

"असे किती झाले आतापर्यंत?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"मी मोजत नाही जी. मोजलं तं बुधवारी सायकलवर पाय चढत नाही."

दुपारी त्यांच्या घरून दोन डबे आले. एक माझ्यासाठी होता. ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी. जेवून पुन्हा बसलो. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस खेळण्यांना नवे रंग लावून झाले. जुना रंग पुन्हा कोणालाही द्यायचा नाही, एवढं मी वहीवरून सांगत होतो. माझी वही त्या दिवशी पहिल्यांदा पेंटरांच्या कामी आली. तेवीसला तांबडा लावला. त्याच्या तुटलेल्या शिंगाला त्यांनी लाकडाचा तुकडा चिकटवून बघितला. दोनदा पडला.

"राहू द्या. लाकूड झिजलं. कोण पाहते?"

"मंदा बघेल," मी म्हणालो.

शनिवारी पेटी घेऊन आम्ही दोघं वॉर्डात गेलो. आया पेटीकडे बघत होत्या, पण कोणी पुढे येईना. नऊ नंबरच्या आईने मुलाला कुशीत ओढलं. पेंटर सरळ मंदाच्या पलंगापाशी गेले, खाली बसले, आणि एकेक खेळणं काढून तिच्या चादरीवर मांडू लागले. सगळा वॉर्ड ऐकेल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मास्तरीणबाई, तू हजेरी घेत होती ना? सांग वं बाई, याच्यातला तेवीस कोणता?"

मला वाटलं पेंटरांचं डोकं फिरलं. जी एकच व्यक्ती ओळखू शकेल तिलाच ते सर्वांसमोर विचारत होते. सिस्टर दारात उभ्या होत्या.

मंदाने पहिला बैल उचलला. उलटा केला, पेंटर करतात तसाच. पोट बघितलं, खाली ठेवला. दुसरा. तिसरा. हत्ती. बदक. अकराव्याला तांबडा बैल तिच्या हातात आला. तिने तो उलटा केला. मग सरळ केला. तिचं बोट डोक्यावरून गेलं आणि डाव्या शिंगाच्या थोटकावर थांबलं. मी पेंटरांकडे बघितलं. ते आगगाडीचे डबे जोडत होते.

मंदाने तो बैल बाजूला, उशीपाशी ठेवला आणि पुढचा उचलला. अशी तिने एकेचाळीसच्या एकेचाळीस उलटून बघितली. शेवटचा घोडा खाली ठेवून ती म्हणाली, "नाही सापडून राहिला. यात तेवीस नाही."

"पक्कं?"

"पक्कं. अन् हा मले पायजे." तिने उशीपाशी ठेवलेला तांबडा बैल उचलून पोटावर धरला.

प्रथम नऊ नंबरची आई उठली. तिने एक बदक उचललं, पोट बघितलं, आणि मुलाकडे नेलं. मग दुसऱ्या आल्या. अर्ध्या तासात मंदाची चादर रिकामी झाली. पेटी जागेवर राहिली.

बाहेर सायकलींपाशी मी पेंटरांना म्हणालो, "तिने सांगितलं असतं तर?"

"तं सांगितलं असतं. तिच्याच तोंडून गेलं होतं, तिच्याच तोंडून आलं पायजे होतं. पोरगी आठ दिवस कोणाशी बोलत नव्हती जी."

मंदाचं मला माहीत नव्हतं. मी पेटीचाच विचार करत होतो.

वहीत मी त्यानंतर ओळी लिहिल्या नाहीत. दर शनिवारी एकच नोंद: एकूण एकेचाळीस.

पुढच्या महिन्यात मंदाच्या पायाचं वजन काढलं. जाण्याच्या दिवशी ती लंगडत पण स्वतःच्या पायांनी चालत निघाली. जाताना तिने तांबडा बैल शेजारच्या पलंगावरच्या मुलीच्या आईच्या हातात दिला. "काकू, हा माहा होता," म्हणाली. आणि सगळ्यांसमोर दारापर्यंत चालत गेली.

तेव्हापासून आया 'मंदाचा बैल' मागू लागल्या. चालत घरी गेलेल्या मुलीचा बैल. तांबडा, डावं शिंग तुटलेला. तो कोणाला द्यायचा यावरून भांडणं व्हायला लागली. सिस्टरांनी पेंटरांकडे तक्रार केली. दोन आठवड्यांनी मी मोजत असताना डावं शिंग तुटलेले तांबडे बैल तीन निघाले. मी पेंटरांकडे बघितलं. त्यांच्या शर्टाला लाकडाचा भुसा लागलेला होता.

"शिंगं तुटतात जी," ते म्हणाले.

"तिन्ही डावीच?"

"पोरं उजव्या हातानं आपटतात."

मी लिहिलं: एकूण एकेचाळीस.

असं सहा वर्षं चाललं. मग एका शनिवारी पेंटर आले नाहीत. टपरीवर गेलो तर त्यांच्या मुलाने सांगितलं की त्यांना त्याच दवाखान्यात भरती केलं आहे, मोठ्या माणसांच्या वॉर्डात, छातीच्या आजाराने. तेलाच्या रंगाचा वास चाळीस वर्षं छातीत गेलेला. मी रोज जाऊ लागलो. बोलताना त्यांना धाप लागे. शनिवारी मोजून वर गेलो की त्यांचा एकच प्रश्न असे.

"भरले का?"

"भरले."

"किती?"

"एकेचाळीस."

"मंग ठीक." एकदा मी त्यांना औषधाचा ग्लास दिला. त्यांनी औषध घेतलं आणि ग्लास उलटा करून बघितला. आम्ही दोघंही हसलो. त्यांना खोकला आला, म्हणून मी हसणं थांबवलं. त्या आठवड्यात ते गेले.

बुधवार कोण करणार हा प्रश्न होता. त्यांच्या मुलाने दोन ब्रश माझ्याकडे आणून दिले. माझा हात सरळ नाही, रंग ओघळतो, पण बैलाला चालतं. दोन वर्षं मी बुधवारी जात होतो. ते बुधवार किती, हे मी मोजलेलं नाही. पेंटरांचं ते म्हणणं मला पहिल्याच बुधवारी पटलं.

मागच्या वर्षी मुलांचा वॉर्ड नव्या इमारतीत गेला. तिथे एका संस्थेने प्लॅस्टिकची खेळणी दिली, धुवायला सोपी. आमची पेटी घरी परत आली. चौतीस नग निघाले. सात झिजून, मोडून गेले असतील. तीन तांबडे बैल मात्र आहेत, तिघांचंही डावं शिंग नाही. त्यातला खरा मंदाचा कोणता हे शोधणं अवघड नाही. पोटाखालचा रंग नखाने उचलला तर एकाच्या तांबड्याखाली निळा लागेल, निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा. दुसऱ्या दोघांच्या खाली तसे लागणार नाहीत.

परवा तान्हा पोळा झाला. दाराशी मुलं येणार म्हणून सौ.नी ते तीन बैल पुसून उंबऱ्यापाशी मांडले. मी एक उचलला, उलटा केला. नंबर होता ती जागा हाताला गुळगुळीत लागली. रंगाचा एक पोपडा कडेला सुटलेला होता, नख घातलं असतं तर निघाला असता.

मी आतून ब्रश आणला आणि त्यावर तांबडा रंग लावला. मग बाकीच्या दोघांनाही लावला.